तीन जास्तीच्या पायऱ्या

मिस्त्रींना चीड यायला फार काही लागायचं नाही. बिजागरीला तीनच्या जागी दोन स्क्रू मारून पळणारे लोक, ओल्या लाकडाची दारं करून विकणारे लोक, ‘पाच मिनिटांचं तर काम आहे’ म्हणत रविवारी सकाळी फोन करणारे लोक. आणि हल्ली त्यात भर पडली होती ती सख्ख्या मुलीने दिलेल्या भेटवस्तूंची. गेल्या वर्षी तिने पावलं मोजणारं घड्याळ आणून बापाच्या मनगटावर बांधलं. रंधा मारताना हात पुढे-मागे झाला की घड्याळ म्हणायचं, चाललात. मिस्त्री एका जागी उभे राहून दिवसाला चौदा हजार पावलं चालत होते. तीन दिवसांनी त्यांनी ते काढून खिळ्यांच्या डब्यात टाकलं.

यंदा लग्नाला चाळीस वर्षं झाली, म्हणून मुलीने दोघांना एका हॉटेलात राहायला पाठवायचं ठरवलं.

“बुटीक हॉटेल आहे, बाबा.”

“बुटीकमध्ये कपडे शिवतात ना?”

“बाबा, प्लीज. दीडशे वर्षांचं जुनं घर आहे, नीट दुरुस्त केलेलं. सातच खोल्या आहेत. नदीकडच्या रस्त्यावरचं ते पिवळं घर. तुम्हीच नाही का तिथे काम केलं होतं?”

मिस्त्री पुढचं काहीतरी तिरकस बोलायच्या बेतात होते, ते गप्प बसले. त्यांनी तिथे नुसतं काम केलं नव्हतं. आठ वर्षांपूर्वी आयुष्याचे चौदा महिने त्या घरात घातले होते. खिडक्या त्यांच्या, दारं त्यांची, आणि जिना तर पहिल्या पायरीपासून शेवटच्या पायरीपर्यंत त्यांचा. मूळ जिना वाळवीने असा खाल्ला होता की एक गवंडी चौथ्या पायरीवरून सरळ तळघरात गेला. घर पूर्ण झालं, हॉटेल झालं, आणि त्यानंतर मिस्त्रींना आत पाऊल टाकायचं काही कारण उरलं नाही. त्यांच्या बायकोने तर ते घर आतून कधी पाहिलंच नव्हतं.

आणि मिस्त्रींना तिला तो जिना दाखवायचा होता. नुसता दाखवायचा नव्हता, तिला त्यावरून चढवायचं होतं. का, ते मिस्त्रींनी तिला आठ वर्षांत सांगितलं नव्हतं.

बाईंचे, म्हणजे मिस्त्रींच्या बायकोचे, गुडघे गेले होते. तीस वर्षं कपड्यांच्या कारखान्यात उभं राहून इस्त्री केली, त्याचं हे बक्षीस. पुढच्या महिन्यात उजव्या गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख होती. त्यानंतर काय होईल ते डॉक्टर जाणे. मिस्त्रींचं म्हणणं एवढंच, की त्याआधी एकदा, तिच्या स्वतःच्या पायांनी.

निघायच्या आदल्या दिवशी बाईंनी बॅग भरता भरता नवऱ्याला दम भरला.

“तिथे पाहुणे म्हणून राहायचं. दारं उघडून-मिटून बघायची नाहीत. टेबलाखाली वाकायचं नाही. आणि ‘हे मी केलंय, ते मी केलंय’ करत हिंडायचं नाही. लाज वाटते मला.”

“बरं.”

“हत्यारं घ्यायची नाहीत.”

“बरं म्हटलं ना!”

मिस्त्रींनी स्क्रू पिळायचा एक छोटा पेचकस तेवढा दाढीच्या पिशवीत सरकवला. पेचकस म्हणजे काही हत्यार नव्हे.

दुपारी बारा वाजता दोघं पिवळ्या घराच्या दारात उतरली. दार मिस्त्रींचंच. उघडताना आवाज नाही, लटपट नाही. त्यांची छाती थोडी पुढे आली. आत दिवाणखान्यात पाऊल टाकलं, समोर जिना दिसला, आणि त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

जिन्याच्या तोंडाशी दोन पितळी खांब उभे करून मधे लाल दोर बांधला होता. दोराला पाटी अडकवलेली: कृपया जिन्यावर चढू नये.

“वेलकम सर, वेलकम मॅडम!” मॅनेजर पुढे आला. तिशीचा, चकचकीत बुटांचा, आणि इतका गोड बोलणारा की मिस्त्रींना पहिल्या वाक्यालाच कंटाळा आला. “तुमची खोली वर आहे. आपण मागच्या बाजूने जाऊ या.”

“मागच्या बाजूने का? जिना समोर आहे की.”

“तो मूळ जिना आहे, सर. दीडशे वर्षांचा. आम्ही तो जपून ठेवलाय. सातव्या पायरीचा आवाजही येतो, त्यामुळे रिस्क नको.”

मिस्त्रींनी तोंड उघडलं. बाईंनी त्यांच्या कोपराला चिमटा काढला. मिस्त्रींनी तोंड मिटलं.

मूळ जिना! अहो, त्याच्या पायऱ्या झिजलेल्या दिसाव्यात म्हणून मिस्त्रींनी पंधरा दिवस गोल रंध्याने एकेक पायरी मधोमध खोलगट केली होती. दुरुस्तीचे नकाशे करणाऱ्या आर्किटेक्ट बाईंचा हट्ट. नवी पायरी करायची आणि मग ती झिजवत बसायची, असलं काम मिस्त्रींनी जन्मात केलं नव्हतं. रोज शिव्या घालत केलं, पण केलं ते असं केलं की आता खुद्द हॉटेलवालेच फसले. मधे घराचे मालक बदलले होते, आर्किटेक्ट बाई दुसऱ्या शहरात गेल्या होत्या, मॅनेजर नवा. सांगणारं कोणी उरलं नव्हतं. आणि जो सांगू शकत होता त्याच्या कोपरात चिमटा होता.

“खाली एखादी खोली नाही का?” मिस्त्रींनी विचारलं. “हिचे गुडघे दुखतात.”

“सॉरी सर. खाली फक्त रेस्टॉरंट आहे. आणि घर जुनं असल्यामुळे लिफ्ट बसवता येत नाही.”

मागच्या बाजूला लोखंडाचा गोल जिना होता. आग लागली तर पळायला बसवलेला. पायऱ्या उंच आणि पावलाएवढ्याच रुंद. बाई कठडा दोन्ही हातांनी धरून एकेक पायरी चढल्या, आधी डावा पाय, मग उजवा ओढून. मधे एकदा त्या तशाच पायरीवर बसल्या. मॅनेजर वरून म्हणाला, “सावकाश, मॅडम, काही घाई नाही.” मिस्त्री त्यांच्या मागे बॅग घेऊन दात-ओठ खात उभे होते.

खोलीत पोचल्यावर तरी सुख असावं की नाही? नाव नको. पलंग एवढा उंच की त्यावर चढायला शेजारी स्टूल ठेवलेलं. त्यावर नऊ उशा. मिस्त्रींनी मोजल्या. दोन माणसांना नऊ उशा कशाला, हे त्यांना कोणी समजावून सांगितलं नाही. न्हाणीघर सोडून खोलीच्या मधोमध चार पायांचा टब ठेवलेला, म्हणजे अंघोळ करणाऱ्याने पलंगावरच्या माणसाकडे बघत अंघोळ करायची. बेसिनवर साबण ठेवायला जागा नाही. भिंतीला एक खुंटी नाही. पण प्रत्येक वस्तूवर चिठ्ठी मात्र होती. आरशावर चिठ्ठी, खुर्चीवर चिठ्ठी, दिव्याच्या बटणावर चिठ्ठी: हे बटण जुन्या पद्धतीचे आहे, हळुवार दाबावे. मिस्त्रींनी हळुवार दाबलं. दिवा लागला नाही. जोरात दाबलं, तेव्हा लागला.

“खिडकी रंगवून बंद करून टाकलीय,” ते चरफडले. “अहाहा. वर्षभर खपून मी खिडकी उघडती केली आणि या गाढवांनी फटीत रंग ओतला.”

“अहो, जरा बसा. किती छान पडदे आहेत बघा.”

“पडदे छान आहेत. त्यामागे खिडकी उघडत नाही.”

बाई स्टुलावर चढून पलंगावर बसल्या होत्या आणि गुडघ्याला मलम चोळत होत्या. त्यांच्या हातात हॉटेलची माहितीची पुस्तिका होती. वाचता वाचता त्या थांबल्या.

“ऐका हं. ‘या घराचा जिना हे त्याचं खास आकर्षण. मूळ मालकांच्या पत्नी नाजूक प्रकृतीच्या होत्या. त्यांना चढताना त्रास होऊ नये म्हणून मालकांनी सतराऐवजी वीस पायऱ्या करवून घेतल्या आणि प्रत्येक पायरी मुद्दाम ठेंगणी ठेवली, असं सांगितलं जातं.’” बाईंनी पुस्तिका मिटली आणि नवऱ्याकडे पाहिलं. “बघा. असेही नवरे असतात. शिका काहीतरी.”

मिस्त्री खिडकीजवळ उभे होते ते उभेच राहिले. एका क्षणात त्यांचा चेहरा लाल झाला. बाईंना वाटलं, खिडकीमुळे.

आता खरं काय ते सांगायला हवं, नाहीतर माणसाला उगाच तापट म्हणाल. खालच्या जमिनीपासून वरच्या जमिनीपर्यंत अकरा फूट चार इंच. मूळच्या पायऱ्या सतरा, म्हणजे एकेक पायरी आठ इंचांची. आर्किटेक्ट बाईंच्या नकाशातही सतराच. त्याच दिवसांत घरी बाईंचे गुडघे नुकते कुरकुरायला लागले होते. एका रविवारी मिस्त्रींनी स्वयंपाकघराच्या दारात फळ्या रचल्या. ‘जरा यावर पाय देऊन आत जा बघू,’ म्हणाले. आठ इंचांवर बाईंचा हात भिंतीला गेला. साडेसातवर गेला. सातवर बोटं टेकली. पावणेसातच्या किंचित वर ठेवलं, तेव्हा बाई भाजीची पिशवी घेऊन सरळ आत गेल्या आणि जाता जाता म्हणाल्या, “दारात लाकडं काय मांडून ठेवता, वेंधळे कुठले! कोणीतरी पडेल.” मिस्त्रींनी मापाच्या काठीवर पेन्सिलीने खूण केली. अकरा फूट चार इंचांत ते माप बरोबर वीस वेळा बसत होतं.

आर्किटेक्ट बाई तीन आठवडे रजेवर होत्या. परत आल्या तेव्हा जिना दिवाणखान्यात अडीच फूट पुढे आला होता आणि पायऱ्या वीस होत्या.

“मिस्त्री, नकाशात सतरा आहेत!”

“मोजणीत चुकलो, बाई.”

चाळीस वर्षं सुतारकाम केलेला माणूस सतरा आणि वीस यांत चुकतो? पण दुसरं काय सांगणार? परक्याच्या घरात बायकोच्या गुडघ्याच्या मापाने जिना केला, असं सांगणार? आर्किटेक्ट बाईंना सातवा महिना होता. त्या चिडून तरातरा वर गेल्या, वरून खाली आल्या, आपल्याला धाप लागली नाही हे त्यांच्या ध्यानात आलं आणि त्या म्हणाल्या, “राहू दे. नकाशा मी बदलते.”

जिना राहिला, आणि चूकही मिस्त्रींच्या नावावर राहिली. आख्ख्या कामावर त्यांची टिंगल झाली. विटांचा हिशेब चुकला की लोक म्हणायचे, मिस्त्रींना विचारा, ते तीन जास्तीच्या देतील. ही गोष्ट घरीही पोचली. गेली आठ वर्षं बाजारातून दोनाऐवजी तीन वस्तू आणल्या की बाई म्हणायच्या, “सतरा आणि वीस कळत नाही त्या माणसाला पाठवलं ना मी, चूक माझी.” मिस्त्री ऐकून घ्यायचे. ती एकदा तो जिना चढेल, तेव्हा आपोआप कळेल, असं त्यांच्या मनात होतं. खरी गोष्ट त्यांनी एकट्या पॉलिशवाल्याला सांगितली होती, आणि त्याच्या पोटात काही राहील तर शपथ. ती फिरत फिरत पुस्तिकेत गेली होती. फक्त नवरा बदलला होता.

“काय झालं? बोलत का नाही?” बाईंनी विचारलं.

“काही नाही. शिकतोय,” मिस्त्री म्हणाले.

संध्याकाळचं जेवण बाईंनी खोलीतच मागवलं. ताटली मोठी होती आणि तिच्या मधोमध अन्न एवढंसं. मिस्त्रींनी त्यावरही मत दिलं, पण नेहमीचा जोर नव्हता.

सकाळी बाई उठल्या तर उजवा गुडघा टम्म सुजलेला. स्टुलावरून उतरताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. लोखंडी जिन्याच्या दारापर्यंत त्या गेल्या, खाली वाकून त्या गोल गोल पायऱ्या पाहिल्या आणि तिथेच थांबल्या.

“नाही हो जमणार मला. मी इथून खाली नाही उतरू शकत.”

आणि मग त्या जे बोलल्या, त्याने मिस्त्रींचं डोकं फिरलं. “मुलीला सांगू नका हं. तिला वाईट वाटेल. मीच मेली म्हातारी झाले, कुठे नेण्यासारखी राहिले नाही.”

मिस्त्री तडक खाली गेले. एका वेळी दोन दोन पायऱ्या उतरत, चौसष्टाव्या वर्षी. मॅनेजर टेबलावर फुलं मांडत होता.

“तो दोर काढा.”

“सर, मी काल सांगितलं ना, तो मूळ जिना...”

“मूळ नाही. मी केलाय.”

मॅनेजर हसला. लहान मुलांसाठी राखून ठेवतात तसलं हसू. “सर, जिना दीडशे वर्षांचा आहे. आमच्या पुस्तिकेत...”

“पुस्तिका गेली खड्ड्यात! इकडे या.”

मिस्त्रींनी त्याचं मनगट धरलं आणि जिन्याखालच्या छोट्या दाराशी नेलं. आत झाडू, बादल्या, फरशी पुसायचे बोळे. मिस्त्रींनी बादल्या बाजूला सारल्या आणि मॅनेजरला चकचकीत बुटांसकट आत वाकायला लावलं.

“मोबाइलचा दिवा लावा. वर बघा. पायऱ्यांच्या पाठी बघा.”

मॅनेजरने दिवा वर धरला. प्रत्येक पायरीच्या पाठीवर सुताराच्या जाड पेन्सिलीने आकडे होते. एक, दोन, तीन, चढत चढत वरच्या अंधारात गेलेले. पहिल्या पायरीच्या पाठीवर तारीख होती, आठ वर्षांपूर्वीची. तारखेखाली एक ओळ. मॅनेजरने ती मोठ्याने वाचली.

“‘उंची हिच्या पायाची. पावणेसात, वर किंचित.’”

तो बाहेर आला तेव्हा त्याच्या केसांत कोळिष्टक होतं आणि तोंडात ‘सर’ नव्हतं.

“हिच्या म्हणजे... मॅडमच्या?”

“मग काय तुमच्या त्या नाजूक मालकिणीच्या? काढा दोर.”

मॅनेजरने दोर काढला. दोन्ही पितळी खांब स्वतः उचलून भिंतीशी नेऊन ठेवले. मिस्त्री समोरच्या जिन्याने वर गेले. सातवी पायरी करकरली. ‘एक स्क्रू सैल झालाय, दुसरं काही नाही,’ ते स्वतःशीच पुटपुटले, आणि या एका स्क्रूपायी त्यांच्या जिन्याला गळफास लावून ठेवला होता म्हणून पुन्हा चिडले.

“चल,” ते बाईंना म्हणाले. “समोरून जायचं.”

“अहो, चढू नये लिहिलंय ना? तुम्ही भांडलात ना खाली? सांगितलं होतं मी, शोभा करू नका म्हणून!”

“उतर आधी. मग बोल.”

बाईंनी एका हाताने कठडा धरला, दुसऱ्या हाताने नवऱ्याचा खांदा. पहिली पायरी उतरताना डोळे घट्ट मिटले. दुसऱ्या पायरीला उघडले. पाचव्या पायरीला खांदा सोडला. मॅनेजर हात जोडून बाजूला उभा होता. बाईंनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. त्या वळल्या आणि पुन्हा जिन्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

“अगं, नाश्ता इकडे आहे,” मिस्त्री म्हणाले.

बाईंनी पहिल्या पायरीवर पाय ठेवला. चढल्या. दुसरी, तिसरी. सावकाश चढल्या, दुखत होतं ते चेहऱ्यावर दिसत होतं, पण कठड्यावरचा हात त्यांनी काढला होता. तो भिंतीलाही गेला नाही. चौथ्या पायरीवर त्या थांबल्या आणि पायाकडे बघत राहिल्या.

“स्वयंपाकघराच्या दारात फळ्या मांडल्या होत्या तुम्ही,” त्या मागे न बघता म्हणाल्या. “रविवारी. माझ्या हातात भाजी होती.”

मिस्त्रींनी खालून मान हलवली.

“मी वेंधळे म्हणाले तुम्हाला.”

“म्हणालीस.”

बाई पुढे चढायला लागल्या. आता मोठ्याने मोजत. सात म्हणताना पायरी करकरली. बारा, तेरा. सतरावर त्या पुन्हा थांबल्या. वर अजून तीन होत्या. उरलेल्या तीन त्यांनी मनातच मोजल्या असाव्यात. वर पोचल्यावर त्या कठड्याला टेकल्या आणि पदराने डोळे पुसून खाली नवऱ्याकडे बघू लागल्या.

“आठ वर्षं मी चारचौघांत तुम्हाला हसले,” त्या म्हणाल्या. “सांगता येत नव्हतं? मोजणीत चुकला नव्हतात तुम्ही.”

मिस्त्रींनी उगाच कठड्यावरून हात फिरवला आणि पॉलिश कुठे उडालंय का ते पाहिलं.

“मिस्त्री,” मॅनेजर हळूच म्हणाला, “पाटीवर आता काय लिहू?”

“काही लिहू नका. लोकांना चढू द्या.”

“अहो,” वरून बाईंनी हाक मारली. आवाज अजून ओला होता, पण त्यात नेहमीची धार परत आली होती. “सातवी पायरी करकरतेय. दाढीच्या पिशवीत पेचकस आहे तुमचा, माहितीये मला. या वर घ्यायला.”